बॅटरी बदलण्याआधी मीटर लावा

मृग तोंडावर आला की नांदेड जिल्ह्यातल्या उमरी परिसरात उन्हाळाभर उभे असलेले ट्रॅक्टर बाहेर निघतात. चावी फिरवली, तर सेल्फ नुसता ‘टक्’ करून गप्प. ‘बॅटरी गेली’ असा निकाल लागतो आणि बियाणं-खतासाठी राखलेले पैसे नव्या बॅटरीत जातात. काही दिवसांत तीही उतरते. कारण दोष बऱ्याचदा तिला चार्ज करणाऱ्या अल्टरनेटरमध्ये किंवा वायरीत असतो. तो शोधायला साधा मल्टिमीटर पुरतो.

12 व्होल्टच्या बॅटरीत सहा सेल असतात. शिसं आणि सल्फ्युरिक आम्लाच्या क्रियेतून प्रत्येक सेल सुमारे 2.1 व्होल्ट देतो. म्हणून काही तास इंजिन बंद असलेल्या ट्रॅक्टरची भरलेली बॅटरी 12.6 व्होल्ट दाखवते. 12.2 म्हणजे साधारण निम्मी. उतरलेली बॅटरी तशीच पडून राहिली, तर प्लेटांवर लेड सल्फेटचे कडक स्फटिक जमतात आणि ती चार्ज घेईनाशी होते. मराठवाड्यातल्या उन्हाळ्यात हा ऱ्हास आणखी वेगाने होतो.

फॅरेडेनं 1831 मध्ये दाखवून दिलं, की बदलत्या चुंबकीय क्षेत्रामुळं तारेत वीज निर्माण होते. अल्टरनेटर त्यावरच चालतो. पट्टा रोटर फिरवतो, भोवतीच्या तांब्याच्या वेढ्यांत एसी वीज तयार होते, डायोड तिची डीसी करतात आणि रेग्युलेटर व्होल्टेज 14 च्या आसपास आवरून धरतो.

आता इंजिन चालू करून बॅटरीच्या टर्मिनलवर मीटर लावा. 13.8 ते 14.5 आलं, तर चार्जिंग ठीक आहे. आकडा 12.5 वरच अडला, तर आधी पट्टा ढिला आहे का पाहा, मग कार्बन ब्रश आणि रेग्युलेटर. 15 च्या वर गेला, तर रेग्युलेटर बिघडलाय. बॅटरीचं पाणी भराभर आटेल.

अल्टरनेटरवर 14 आणि बॅटरीवर 13 दिसत असेल, तर एक व्होल्ट वाटेत गळतोय. इंजिन बंद करून टर्मिनलवरचा लग काढून पाहा: पांढरी-हिरवी भुकटी जमलेली असते. खाण्याचा सोडा घातलेल्या कोमट पाण्यानं ती धुवा, लग घासून घट्ट आवळा. अर्थिंगची वायरही तशीच तपासा. रात्रभर बंद असलेल्या ट्रॅक्टरचा अल्टरनेटर सकाळी हाताला कोमट लागला, तर डायोड गळका आहे आणि बॅटरी त्यातूनच रिकामी होतेय.

इंजिन चालू असताना बॅटरीची वायर काढून ‘डायनामो तपासायची’ जुनी रीत मात्र कायमची सोडा. त्या क्षणी व्होल्टेज एकदम उसळतं आणि चांगले डायोड, रेग्युलेटरही जळतात. बॅटरीतून हायड्रोजन निघतो, तेव्हा तिच्याजवळ विडी-काडी नकोच.

दुकानात जाण्याआधी हे दोन आकडे कागदावर लिहून घ्या: इंजिन बंद असतानाचा आणि चालू असतानाचा. नवी बॅटरी घ्यायची की नाही, ते त्यावरूनच ठरवा.