प्रयोगशाळा ते बाजारपेठ : म्हैसूरचा अनुभव

तंत्रज्ञान व नवोपक्रम यांसाठी सरकारने किती निधी दिला याची चर्चा नेहमी होते. तो कोणत्या टप्प्यावर खर्च झाला, याची क्वचितच. संशोधनाचा संपूर्ण लाभ संशोधन करणाऱ्याच्या पदरात पडत नाही, म्हणून खासगी भांडवल येथे हात आखडता घेते, ही सरकारी साहाय्यामागील सर्वपरिचित कारणमीमांसा होय. परंतु प्रयोग यशस्वी झाल्यानंतर उत्पादनाचा धोका कोणी पत्करावयाचा? प्रादेशिक शासनाची खरी कसोटी येथेच लागते.

म्हैसूर संस्थानात चंदनावर राज्याची मक्तेदारी होती. लाकडाचा लिलाव होई आणि तेल प्रामुख्याने युरोपात काढले जाई. १९१४ मध्ये महायुद्ध सुरू झाले आणि ही बाजारपेठ कोसळली. तेव्हा दिवाण मोक्षगुंडम विश्वेश्वरय्या यांच्या कारकिर्दीत बंगळूरच्या भारतीय विज्ञान संस्थेत तेल गाळण्याचे प्रयोग झाले आणि त्यांच्या आधारे संस्थानाने स्वतःच्या खर्चाने कारखाने उभारले. (या संस्थेसाठी ३७१ एकर जमीन म्हैसूरनेच दिली होती.) १९१८ मध्ये बंगळूरला सरकारी साबण कारखानाही निघाला.

दुसरे उदाहरण मतदाराच्या बोटावरील शाईचे. सिल्व्हर नायट्रेटयुक्त या शाईचे सूत्र दिल्लीच्या राष्ट्रीय भौतिकी प्रयोगशाळेने विकसित केले. तिचे उत्पादन म्हैसूरमधील, १९३७ मध्ये स्थापन झालेल्या रंग व वार्निशच्या कारखान्याकडे आले. हा कारखाना आज कर्नाटक शासनाचा उपक्रम आहे. १९६२ च्या सार्वत्रिक निवडणुकीपासून ही शाई वापरात आहे. येथे संशोधन केंद्राचे, उत्पादन राज्याचे आणि ग्राहक निवडणूक यंत्रणा, अशी श्रमविभागणी दिसते. अभ्यासकांनी विशेष लक्षात घ्यावयाचा मुद्दा असा की, अनुदान हे पुरवठ्याच्या बाजूचे साधन आहे, तर सरकारी खरेदी हे मागणीच्या बाजूचे. कर्नाटकाने २०१७ मध्ये सुरू केलेल्या ‘एलिव्हेट’ योजनेत नवउद्योगांना ५० लाख रुपयांपर्यंत अनुदानाची तरतूद करण्यात आली. हे साधन पहिल्या प्रकारचे. माझ्या मते दुसऱ्या साधनाकडे राज्यांचे दुर्लक्ष अधिक झाले आहे.

अर्थात, हमखास ग्राहकाचीही किंमत मोजावी लागते. शाईची मागणी निवडणुकांबरोबर चढते आणि उतरते. मधल्या काळात कारखान्याला रंग, वार्निश आणि परदेशांतील निवडणुकांसाठी होणारी निर्यात यांवर भिस्त ठेवावी लागते.