पायाखालचे पेडल: सुप्याच्या माळावर मोकळे की अडकणारे?

बारामती तालुका म्हटले की नीरा कालव्यावरचे उसाचे हिरवे शिवार डोळ्यांपुढे येते. सुपे त्याच तालुक्यातले, पण जिरायती पट्ट्यातले. पर्जन्यछायेचा हा मुलूख. मुरमाड माळ, खुरटे गवत, बोरी-बाभळी आणि हिवर, मध्येच ओढ्याकाठची काळी जमीन. गावाजवळच मयूरेश्वर अभयारण्य आहे. १९९७ साली ते घोषित झाले. क्षेत्र जेमतेम ५.१४ चौरस किलोमीटर, म्हणजे राज्यातल्या सर्वांत लहान अभयारण्यांपैकी एक, आणि तेही प्रामुख्याने चिंकाऱ्यासाठी राखलेले. अभयारण्याबाहेर मैलोन्‌मैल पाणंदी, गाडीवाटा आणि मेंढरांच्या पायवाटा पसरल्या आहेत. माउंटन बाइक चालवायला उंच डोंगरच लागतो हा समज इथे टिकत नाही. सैल मुरमावरून घसरणारे चाक, ओढ्यात उतरणारी तीव्र वाट आणि तालीवर चढताना अचानक संपणारा जोर एवढ्यात अंगाची आणि यंत्राची पुरती परीक्षा होते.

अशा वाटेवर सायकल घालायची तर टायर, ब्रेक आणि गिअर यांचा विचार सगळेच करतात. पेडलचा विचार मात्र शेवटी होतो, आणि माझ्या मते तो आधी व्हायला हवा. शरीर आणि सायकल यांच्या भेटीच्या जागा तीनच: हात, बैठक आणि पाय. सगळी ताकद त्यांतल्या पायातून जाते. उभ्याने उतार घेताना तर शरीराचे जवळजवळ सगळे वजन तळहाताएवढ्या दोन पेडलांवर असते. तिथे पायाची पकड कशी असावी याची दोन उत्तरे जगभर चालतात. एकात पेडल सपाट आणि रुंद असते, त्यातून वर आलेल्या बारीक धातूच्या पिना बुटाच्या रबरात रुततात आणि पाय हवा तेव्हा उचलता येतो. ते फ्लॅट पेडल. दुसऱ्यात बुटाच्या तळव्याला स्क्रूने बसवलेली धातूची छोटी पट्टी पेडलमधल्या स्प्रिंगच्या जबड्यात अडकते. ते क्लिपलेस पेडल.

स्वाराच्या पायाला पकड हवी आणि सुटकाही हवी, हा पेच सायकलपेक्षा फार जुना आहे. सुपे हा शहाजीराजांच्या जहागिरीतला परगणा. तिथला कारभार पाहणाऱ्या संभाजी मोहित्यांकडून शिवाजी महाराजांनी तो १६५६ मध्ये ताब्यात घेतला. त्या काळी या माळावरून दौडणाऱ्या घोडेस्वाराची रिकीब हे याच पेचाचे उत्तर होते. रिकिबीत पाय रोवून स्वार उभा राहू शकतो, वार करू शकतो, पण घोडा कोसळला तर पाय त्याच क्षणी बाहेर यायला हवा. अडकला तर स्वार फरफटत जातो.

सायकलस्वारांनी आधी पकडीची बाजू घेतली. शर्यतीत उतरणारे लोक पिढ्यान्‌पिढ्या पेडलच्या पुढे लोखंडी पिंजरा आणि त्याला चामडी पट्टा लावत. तो टो-क्लिप. पट्टा आवळला की पाय घट्ट बसे, पण थांबताना वाकून तो हाताने सैल करावा लागे. १९७१ मध्ये इटलीच्या चिनो चिनेल्ली यांनी बूट थेट पेडलमध्ये अडकवणारे एम ७१ काढले. मात्र त्यातूनही पाय सोडवायला हाताने कळ सरकवावी लागे. खरे वळण १९८४ मध्ये आले. फ्रान्समधली लूक ही कंपनी बर्फावर घसरण्याच्या स्कीला बूट अडकवण्याच्या पकडी बनवत असे. स्कीवाला पडला की पाय मुरगळायच्या आत ती पकड आपोआप सुटते. तेच तंत्र त्यांनी पेडलमध्ये आणले: टाच बाहेरच्या बाजूला वळवा, पाय मोकळा. पुढच्याच वर्षी बर्नार्ड इनो यांनी ही पेडले वापरून टूर द फ्रान्स जिंकली आणि शर्यतींतून पट्टा हद्दपार होऊ लागला. टो-क्लिप गेली म्हणूनच या नव्या पेडलला क्लिपलेस नाव पडले.

लूकची पट्टी मोठी, प्लास्टिकची आणि बुटाच्या तळाबाहेर आलेली होती. डांबरी रस्त्यावर ती ठीक, पण माळावर चार पावलेही चालता येणार नाहीत. ती अडचण जपानच्या शिमानोने १९९० मध्ये एसपीडी पेडल काढून सोडवली. दोन स्क्रूंची इवलीशी पोलादी पट्टी, म्हणजे क्लीट, आणि ती मावेल अशी बुटाच्या रबरात खोल खाच. ही क्लीट हातात घेऊन पाहण्यासारखी आहे. लांबी बोटाच्या दोन पेरांएवढीही नाही. पुढचे निमुळते टोक पेडलच्या पुढच्या आकड्याखाली सरकते. पाऊल खाली दाबले की मागचा जबडा स्प्रिंगला रेटून क्षणभर उघडतो आणि खट्ट आवाजाने मिटतो. टाच बाहेर वळवली की क्लीटची तिरपी कड त्याच जबड्याला मागे ढकलते आणि पाय सुटतो. स्प्रिंगचा ताण अॅलन कीने कमीजास्त करता येतो. नेहमीची क्लीट फक्त टाच वळवून सुटते. शिमानोचीच एक दुसरी क्लीट पाय वर ओढूनही सुटते आणि नवशिक्याने तीच घ्यावी.

क्लिपलेसच्या बाजूने हमखास सांगितला जाणारा मुद्दा म्हणजे पाय बांधलेला असला की खाली दाबण्याबरोबर वर ओढताही येते आणि त्यामुळे ताकद वाढते. ऐकायला हे पटते. थॉमस कॉर्फ आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २००७ मध्ये प्रसिद्ध केलेल्या प्रयोगात सायकलपटूंना वेगवेगळ्या पद्धतींनी पेडल मारायला लावले. मुद्दाम वर ओढणाऱ्यांचा जोर चाकाकडे अधिक नेमका गेला, पण तेवढ्याच कामाला शरीराने ऊर्जा जास्त खर्ची घातली. मांडीचे मोठे स्नायू खाली रेटण्यासाठीच घडले आहेत. निवांत, एकसारखे चालवताना क्लिपलेसमुळे फार मोठा फायदा होतो असे म्हणायला आधार नाही. त्याचा खरा उपयोग दुसरीकडे आहे. खडबडीत वाटेवर सायकल थरथरते तेव्हा पाय जागचा हलत नाही, जोरात पळवताना पेडलवरून घसरत नाही आणि कडक तळव्याच्या बुटामुळे लांबच्या पल्ल्यात पाऊल दुखत नाही. ऑलिंपिकमधल्या क्रॉस-कंट्री शर्यतीत जवळपास सगळे क्लिपलेसवर दिसतात ते यासाठी.

मग फ्लॅट पेडल हे फक्त शिकाऊ माणसाचे साधन का? ऑस्ट्रेलियाच्या सॅम हिल यांनी हा समज मोडीत काढला. डाउनहिलचे, म्हणजे उताराच्या शर्यतीचे, जागतिक विजेतेपद त्यांनी फ्लॅट पेडलवर मिळवले. पुढे २०१७, २०१८ आणि २०१९ अशी सलग तीन वर्षे एन्ड्युरो वर्ल्ड सिरीज ही शर्यतमालिकाही त्यांनीच जिंकली, आणि तीही फ्लॅटवरच. समोरचे बहुतेक सगळे प्रतिस्पर्धी क्लिपलेसवर होते.

ते कसे जमते, हे समजून घेण्यासारखे आहे. फ्लॅट पेडलवर पाय टिकतो तो टाच खाली ठेवल्यामुळे. उतारावर टाच खाली गेली की प्रत्येक धक्का पावलाला पेडलमध्ये अधिक रुतवतो. टाच वर राहिली तर तोच धक्का पाऊल उडवून देतो. दगडावरून उडी घेताना चवडा खाली वळवून दोन्ही पाय मागे-वर खेचले की मागचे चाक उचलले जाते, बांधलेल्या पायाची गरज पडत नाही. क्लिपलेसवर सुरुवात करणारा माणूस बुटाने सायकल ओढून उचलायला शिकतो आणि हे कसब त्याला सहसा येत नाही. मला फ्लॅटची सर्वांत मोठी किंमत इथे वाटते. पाय कुठे चुकतो ते फ्लॅट लगेच दाखवून देते.

आता सुप्याकडे या. पहिला प्रश्न मातीचा. पावसाळ्यात ओढ्याकाठच्या काळ्या जमिनीतून सायकल नेली की ती माती टायरला, ब्रेकला आणि बुटाला थर धरून बसते. उतरून दहा पावले चाललात तरी क्लीटची खाच गच्च भरते. मग पुढचे टोक आकड्याखाली जात नाही, काडीने माती उकरत बसावे लागते. त्याहून वाईट म्हणजे अर्धवट अडकलेली क्लीट, कारण ती ऐन वेळी सुटेल की नाही याचा भरवसा नसतो. एगबीटरसारखी चारही बाजूंनी उघडी पेडले चिखल बरा झटकतात, तरी वाफसा येईपर्यंत या जमिनीत क्लिपलेसवाल्याचे हालच आहेत. फ्लॅटच्या पिनांमध्येही माती बसते, पण बूट एकदा आपटला की काम भागते.

दुसरा प्रश्न थांबण्याचा. इथल्या वाटेवर तुम्ही एकटे नसता. वळणावर धनगराचा मेंढरांचा कळप आडवा येतो, राखणीची कुत्री अंगावर धावतात, पाणंदीत समोरून ट्रॅक्टर येतो. पाय टेकवण्याची वेळ पूर्वसूचना देऊन येत नाही. क्लिपलेस नवे असताना लोक पडतात ते वेगात नव्हे, तर उभ्या जागी: सायकल थांबते, टाच वळवायचे सुचत नाही आणि माणूस कोपरावर आडवा होतो. गवतावर पडलात तर हसून उठाल. इथे खाली बाभळीचा काटा असतो.

काट्यांचा प्रश्न पेडलपुरता मर्यादित नाही, पण टाळता येणारही नाही. सराटे आणि बाभळीचे काटे यांमुळे पंक्चर हा या माळावरचा रोजचा कार्यक्रम. वारंवार उतरायचे, सायकल हातात धरून चालायचे, असे इथले फिरणे असते. त्यासाठी चालता येईल असा बूट हवा. फ्लॅटसाठीचा बूट मऊ रबराचा आणि सपाट तळाचा असतो. त्याची पकड उत्तम, मात्र अगदी पातळ तळ घेऊ नका, बाभळीचा काटा त्यातून आरपार जातो. चप्पल किंवा धावण्याचा खोबणीदार बूट पिनांवर नीट बसत नाही आणि पाय निसटला तर त्याच पिना नडगी सोलून काढतात. नडगीला पॅड लावण्यात कमीपणा नाही.

पेडल कोणतेही घ्या, ते बसवताना एक आश्चर्य तुमच्या हातात असते. उजव्या पेडलचे आटे नेहमीसारखे, डाव्याचे उलटे. डावे पेडल घट्ट करायचे तर पाना घड्याळाच्या उलट दिशेने फिरवावा लागतो. कारण असे: पायाचा जोर सतत खालीच असतो, पण पेडल ज्यात बसते तो क्रँक फिरत असतो. त्यामुळे पेडलचा दांडा क्रँकच्या भोकात, केसाएवढ्या मोकळ्या जागेत, आतल्या आत अगदी सावकाश लोळत राहतो आणि तो लोळतो क्रँकच्याच दिशेने. डावीकडे साधे आटे दिले तर चालवता चालवता पेडल निघून पडेल. विमान उडवण्याआधी सायकली बनवणाऱ्या राइट बंधूंनी १९०० च्या सुमारास न निघणारे पेडल म्हणून याची जाहिरात केली होती. पुण्याच्या जुन्या काळ्या रोडस्टरपासून आजच्या कार्बन सायकलीपर्यंत हीच रीत चालू आहे. बसवण्याआधी आट्यांना थोडे ग्रीस लावा आणि सुरुवातीचे दोन-तीन फेरे पान्याऐवजी बोटांनी द्या. अॅल्युमिनियमच्या क्रँकचे आटे एकदा तिरपे कापले गेले की क्रँकच बदलावा लागतो.

माझा कौल स्पष्ट आहे. सुपे, मोरगाव, भुलेश्वराचा डोंगर किंवा इंदापूरकडे कडबनवाडीचे माळ, या भागात जो नव्याने माउंटन बाइक चालवणार आहे त्याने पिनांचे चांगले फ्लॅट पेडल आणि त्याला साजेसा बूट घ्यावा, आणि निदान एक पावसाळा व एक उन्हाळा त्यावर काढावा. ज्याला पुढे शर्यतीत उतरायचे आहे किंवा कोरड्या दिवसांत लांबचे पल्ले मारायचे आहेत, त्याने मग क्लिपलेसकडे वळावे. स्प्रिंग सर्वांत सैल ठेवून आधी भिंतीला टेकून, नंतर मोकळ्या मैदानात, सुटण्याचा सराव हाडीमासी भिनेपर्यंत करावा. आणि दोघांनाही एकच विनंती: चालू वाटा सोडून गवतात नवी चाकोरी पाडू नका, अभयारण्यात वनखात्याच्या परवानगीशिवाय सायकल घालू नका. त्या गवतात जमिनीवर घरटी करणारे पक्षी अंडी घालतात.