सेकंदाला चित्रं किती काढायची?

हाताने ॲनिमेशन करायला बसलं की हा प्रश्न लगेच येतो. सिनेमा सेकंदाला २४ फ्रेमने पळतो. पण डिस्नेच्या जुन्या चित्रपटांतही बरंचसं काम ‘टूज’वर आहे, म्हणजे एकच चित्र सलग दोन फ्रेम दाखवलेलं. चित्रं १२, मेहनत निम्मी, आणि हालचाल तरीही छान वाहते. जपानमध्ये ओसामू तेझुकांना १९६३ साली ‘ॲस्ट्रो बॉय’ ही टीव्ही मालिका दर आठवड्याला द्यायची होती, तिथे तर एकेक चित्र तीन किंवा त्याहूनही जास्त फ्रेम धरलं गेलं.

मग ‘वन्स’, म्हणजे दर फ्रेमला नवं चित्र, कधी? झपाट्याच्या हालचालीत, आणि मुख्य म्हणजे कॅमेरा सरकत असताना. तेव्हा पार्श्वभूमी दर फ्रेमला पुढे जाते, टूजवरचं पात्र मात्र एक फ्रेम सोडून हलतं. मग ते थरथरतं, पाय घसरल्यासारखे दिसतात. ‘हू फ्रेम्ड रॉजर रॅबिट’मध्ये (१९८८) कार्टून खऱ्या नटांसोबत, फिरत्या कॅमेऱ्यापुढे वावरतात. ॲनिमेशन दिग्दर्शक रिचर्ड विल्यम्स यांनी तिथे वन्सचाच आग्रह धरला.

पण माझ्या मते हालचाल अडखळण्याचं खरं कारण बहुतेकदा दोन चित्रांमधल्या अंतरात असतं. हात उचलताना सुरुवातीला आणि शेवटी चित्रं जवळजवळ हवीत, मध्ये लांब लांब. सगळी अंतरं सारखी ठेवली तर २४ चित्रं काढूनही हात यंत्राचाच वाटेल. शिवाय हात कमानीत फिरतो, त्यामुळे मधलं चित्रही त्या कमानीवरच बसवा. आधी कच्च्या रेषांत टूजवर चालवून बघा, खटकेल तिथेच मधली चित्रं भरा.