रविवारच्या गर्दीत रिकामी जागा कोणाला दिसते?

विशेष प्रतिनिधी

रविवारची सकाळ. उपनगरातील एखाद्या मोठ्या चर्चमधील मिस्सा संपते आणि हजार-बाराशे माणसे दहा-पंधरा मिनिटांत रिक्षा, बस आणि लोकलच्या दिशेने पांगतात. यातील एखादा माणूस पुढचे चार रविवार आलाच नाही, तर ते कोणाच्या ध्यानात येईल? त्याची नोकरी गेली असेल, घरात आजारपण असेल किंवा त्याचा विश्वासच डळमळला असेल. वेदीवर उभ्या असलेल्या धर्मगुरूला समोर गर्दी दिसते. त्या गर्दीतील एक रिकामी जागा मात्र दिसत नाही, कारण तेथे तोवर दुसरे कोणी येऊन बसलेले असते.

ख्रिस्ती परंपरेत धर्मगुरूला मेंढपाळाची उपमा दिली जाते आणि मराठी प्रोटेस्टंट मंडळी तर त्याला ‘पाळक’ असेच म्हणतात. परंतु एका पाळकाने हजार माणसांची विचारपूस करावी, ही अपेक्षाच अवास्तव आहे. जगभरच्या चर्चनी या अडचणीवर वेगवेगळ्या काळात जे उत्तर शोधले, ते आश्चर्य वाटावे इतके सारखे आहे. दहा-पंधरा माणसांचा किंवा काही शेजारी कुटुंबांचा एक छोटा गट, त्याला गटातीलच एक प्रमुख आणि ठरावीक दिवशी एकत्र येणे. कॅथलिक त्याला ‘छोटा ख्रिस्ती समूह’ म्हणतात. प्रोटेस्टंटांमध्ये ‘सेल ग्रुप’, ‘घरगुती प्रार्थनासभा’ अशी नावे रूढ आहेत. या पद्धतीचा इतिहास उद्बोधक आहे आणि तिचे धोकेही समजून घेण्यासारखे आहेत.

एका पेनीची गोष्ट

आधुनिक काळातील या पद्धतीची सर्वांत प्रसिद्ध सुरुवात कर्जवसुलीतून झाली. इंग्लंडमधील ब्रिस्टल शहरात जॉन वेस्ली यांच्या मेथडिस्ट अनुयायांनी १७३९ साली ‘न्यू रूम’ ही सभागृहाची इमारत बांधली. तिचे कर्ज फेडायचे कसे, हा प्रश्न फेब्रुवारी १७४२ मध्ये सभेपुढे आला. फॉय नावाच्या एका कॅप्टनने सुचवले की, प्रत्येक सभासदाने आठवड्याला एक पेनी द्यावी. अनेकांना तेवढीही परवडणार नाही, असा आक्षेप निघाला. तेव्हा सर्वांत गरीब अकरा जण माझ्याकडे सोपवा, त्यांना जमले नाही तर त्यांची पेनी मी भरीन, असे त्याने सांगितले. इतरांनीही आपापल्या शेजारचे अकरा जण वाटून घेतले.

हे प्रमुख दर आठवड्याला घरोघरी जाऊ लागले आणि त्यांच्या कानावर पैशांपेक्षा वेगळ्याच गोष्टी येऊ लागल्या. कोणी दारूच्या आहारी गेला होता, कोणाच्या घरात रोजचे भांडण होते. वेस्लींनी त्यातील मर्म ओळखले. आपण ज्या व्यवस्थेच्या शोधात होतो ती हीच, असे त्यांना वाटले. पुढे घरोघरी जाण्याऐवजी सुमारे बारा जणांचा हा ‘क्लास’ आठवड्यातून एकदा एकत्र बसू लागला. प्रमुख बहुतेक वेळा कारागीर किंवा दुकानदार असे आणि अनेक क्लासची धुरा स्त्रियांकडे होती. धर्मशास्त्राचे पदवीधर नसलेल्या माणसांवर इतरांच्या काळजीची जबाबदारी सोपवली गेली, हा या प्रयोगाचा मोठा विशेष.

सोलमधील स्त्रिया

दुसरे उदाहरण दक्षिण कोरियातील. योंगी चो या तरुण पाळकाने १९५८ साली सोलच्या कडेला एका तंबूत चर्च सुरू केले. सहा वर्षांत सदस्यसंख्या हजारोंच्या घरात गेली आणि सारी कामे एकट्याने उरकू पाहणारे चो १९६४ साली उपासनेदरम्यानच कोसळले. अंथरुणावर पडलेल्या चो यांना बायबलच्या ‘निर्गम’ या ग्रंथातील एक प्रसंग मार्गदर्शक ठरला. सकाळपासून संध्याकाळपर्यंत लोकांचे तंटे सोडवत बसलेल्या मोशेला त्याचा सासरा इथ्रो समजावतो की, अशाने तूही थकशील आणि लोकही थकतील. हजार, शंभर, पन्नास आणि दहा माणसांवर प्रमुख नेम.

चो यांनी ही योजना चर्चमधील पुरुष पदाधिकाऱ्यांपुढे ठेवली, तेव्हा त्यांनी असमर्थता दर्शवली. मग त्यांनी स्त्रियांना पाचारण केले. स्त्रीने पुरुषांचे नेतृत्व करणे त्या काळच्या कोरियन समाजाला रुचणारे नव्हते. तरीही वस्त्या-वस्त्यांत स्त्रियांच्या पुढाकाराने घरगुती गट उभे राहिले. १९७३ साली योइदो येथे स्थलांतरित झालेले हे चर्च पुढे सात लाखांहून अधिक सदस्यसंख्या सांगणारे, जगातील सर्वांत मोठ्या चर्चपैकी एक ठरले. मात्र याच चो यांना चर्चच्या निधीचे नुकसान केल्याबद्दल २०१४ साली न्यायालयाने दोषी ठरवले. तळातील गट कितीही जागे असले, तरी शिखरावरील व्यक्तीला जाब विचारणारी यंत्रणा वेगळी लागते, हा धडाही या कथेत आहे. चो यांचे २०२१ साली निधन झाले.

आफ्रिकेतून मुंबईकडे

कॅथलिक चर्चमध्ये या विचाराला बळ मिळाले ते दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेनंतर. लॅटिन अमेरिकेतील बिशपांनी १९६८ साली मेडेलिन येथील परिषदेत तळागाळातील छोट्या समूहांना पाठिंबा दिला. पूर्व आफ्रिकेतील बिशपांनी १९७०च्या दशकात असे समूह उभारणे हेच आपल्या कामाचे प्रमुख सूत्र ठरवले. तेथे धर्मगुरूंची संख्या अपुरी आणि गावे दूरदूर होती. दक्षिण आफ्रिकेतील लुम्को संस्थेने बायबल-चिंतनाची सात पायऱ्यांची सोपी पद्धत तयार केली. प्रभूला आमंत्रण, वाचन, शब्दांचे मनन, मौन आणि परस्परांशी संवाद यानंतर सहावी पायरी येते. या आठवड्यात आपण नेमके काय करायचे, हे तेव्हा ठरवायचे असते. शेजारच्या आजींना दवाखान्यात कोण नेणार, हा प्रश्न त्यामुळे प्रार्थनेचाच भाग बनतो.

आशियातील बिशपांच्या महासंघाने १९९० साली इंडोनेशियातील बांडुंग येथे, चर्च म्हणजे समूहांचा समूह असावा, अशी भूमिका घेतली. मुंबईच्या महाधर्मप्रांतात मात्र १९८०च्या दशकातच हे काम सुरू झाले होते. धर्मग्राम म्हणजे पॅरिश. त्याची विभागणी काही इमारती, एखादी गल्ली किंवा गावठाण अशा शेजारांत करायची, प्रत्येक समूहाला आपले प्रमुख नेमायचे आणि बैठक घरांतच घ्यायची, असे त्याचे स्वरूप आहे.

मुंबईला हे अगदीच नवखे नव्हते. धोबीतलाव, माझगाव या भागांत गोव्यातील गावांच्या नावाने ‘कूड’ म्हणजे वसतिगृहवजा क्लब फार पूर्वीपासून होते. बोटीवरील नोकरीच्या शोधात आलेल्या माणसाला तेथे पथारीपुरती जागा आणि पेटी ठेवायला कोपरा मिळे. संध्याकाळी वेदीपुढे रोझरीची प्रार्थना होई आणि तिला हजर राहणे हा कुडाचा नियम असे. कोण आजारी आहे, कोणाला अद्याप बोट मिळालेली नाही, हे मुद्दाम विचारावे लागत नसे.

तरुण कोठे गळतात?

ही वीण सर्वांत आधी उसवते ती तरुणांच्या वयात. दृढीकरणाचा संस्कार झाला की, रविवारचा धर्मशिक्षणाचा वर्ग बहुधा संपतो. पुढे कॉलेज, क्लास, शिफ्टची नोकरी, परगावची बदली. बालपणीचा गट मागे पडतो आणि प्रौढांच्या समूहात जागा मिळत नाही.

हा पेच जुनाच आहे. लंडनमधील कापडाच्या दुकानात काम करणाऱ्या जॉर्ज विल्यम्स या तरुणाने ६ जून १८४४ रोजी मोजक्या सहकाऱ्यांसह वायएमसीएची स्थापना केली. खेड्यातून शहरात आलेला, दुकानाच्याच वरच्या मजल्यावर राहणारा एकटा नोकरदार त्यांच्या डोळ्यांपुढे होता. मुंबईत ही संस्था १८७५ साली आली. अमेरिकेतील पोर्टलंड येथे फ्रान्सिस क्लार्क या पाळकाने १८८१ साली ‘ख्रिश्चन एन्डेव्हर’ ही तरुणांची संघटना सुरू केली आणि ती लवकरच अनेक देशांत पसरली. तिच्या रचनेत ‘लुकआउट कमिटी’ असे. नव्या सभासदांना आणणे आणि गैरहजर राहणाऱ्यांची चौकशी करणे, हे तिचे काम. या समितीवरही तरुणच असत. बेल्जियममध्ये योसेफ कार्डेन या धर्मगुरूंनी १९२५ साली तरुण कामगारांची संघटना उभारली, तेव्हा ‘पाहा, पारखा, कृती करा’ हे तिचे सूत्र होते. केरळमध्ये १९८०च्या दशकात सुरू झालेल्या ‘जीझस यूथ’ या चळवळीला २०१६ साली व्हॅटिकनची मान्यता मिळाली.

या साऱ्यांत एक समान धागा आहे. तरुणांसाठी कार्यक्रम आखले, तर ते प्रेक्षक होतात. एखाद्या समवयस्काची जबाबदारी दिली, तर ते टिकतात. शिबिर, गिटार आणि सहल यांनी गर्दी जमते. पण परीक्षेत नापास झालेला मुलगा त्या रात्री कोणाला फोन करील, यावरच युवक-कार्याची कसोटी लागते. पोप फ्रान्सिस यांनी तरुणांविषयीच्या बिशपांच्या २०१८च्या सभेनंतर २०१९ साली काढलेल्या पत्रातही तरुणांबरोबर चालण्यावर, त्यांचे ऐकण्यावर भर दिला होता.

काळजी आणि पाळत

मात्र विचारपूस आणि पाळत यांतील अंतर फार थोडे असते. अमेरिकेत १९७०च्या दशकात ‘शेफर्डिंग’ नावाने ओळखली गेलेली चळवळ याच उदात्त हेतूने सुरू झाली. प्रत्येक सदस्याला एक मेंढपाळ नेमून दिला गेला. पुढे नोकरी कोठे करावी, लग्न कोणाशी करावी, असे निर्णयही त्याच्या संमतीने होऊ लागले. अनेक कुटुंबे दुखावली गेली आणि चळवळीच्या एका संस्थापकाने कालांतराने जाहीर माफी मागितली.

म्हणूनच गट चालवणाऱ्यांनी काही पथ्ये पाळणे अगत्याचे आहे. बैठकीत उघड झालेले दुःख बैठकीतच राहिले पाहिजे. प्रमुख ठरावीक काळाने बदलला पाहिजे. नैराश्य, व्यसन किंवा घरातील मारहाण यांसारख्या प्रसंगी प्रार्थनेबरोबर डॉक्टर, समुपदेशक आणि गरज पडल्यास पोलीस यांची वाट दाखवली पाहिजे. अल्पवयीन मुलांच्या बाबतीत तर पर्यायच नाही. २०१२च्या पॉक्सो कायद्यानुसार लैंगिक अत्याचाराची माहिती असलेल्या प्रत्येकावर ती पोलिसांना कळवण्याचे बंधन आहे. धर्मगुरू वा युवक-नेता त्याला अपवाद नाही.

या व्यवस्थेची परीक्षा करोनाकाळात झाली. मार्च २०२० मध्ये टाळेबंदी लागली आणि महाराष्ट्रातील प्रार्थनास्थळे १६ नोव्हेंबर २०२० रोजीच पुन्हा उघडली. त्या आठ महिन्यांत वेदीवरून कोणालाच काही दिसत नव्हते. एकट्या राहणाऱ्या वृद्धाच्या घरी औषध पोहोचले की नाही, हे सांगू शकणारा माणूस शेजारच्याच इमारतीत असावा लागत होता.

ब्रिस्टलच्या कॅप्टन फॉयला बहुधा तत्त्वज्ञान मांडायचे नव्हते. त्याने फक्त अकरा नावे घेतली आणि दर आठवड्याला त्यांची दारे ठोठावली. चर्च असो, देऊळ असो वा गृहनिर्माण सोसायटी, शहरात राहणाऱ्या प्रत्येकाने आपल्याला ठाऊक असलेली अकरा नावे आठवून पाहावीत. त्यातील कोण गेल्या महिन्यात दिसले नाही, हे सांगता आले तर निम्मे काम झाले. उरलेले निम्मे काम म्हणजे दार ठोठावणे.