सेडान जेव्हा ट्रक होते

2004 च्या सुरुवातीला सुबारू कंपनीने अमेरिकेत जाहीर केले, की पुढच्या वर्षीच्या मॉडेलमध्ये आउटबॅक ही गाडी जमिनीपासून जराशी उचलली जाईल. आउटबॅक ही मुळात घरगुती गाडी. वॅगनच्या जोडीने तिची सेडानही मिळायची. उंची वाढली आणि अमेरिकेच्या इंधन नियमांपुरती ही सेडान ‘लाइट ट्रक’ झाली. ट्रक म्हटल्यावर तिला कमी अ‍ॅव्हरेज देण्याची मुभा मिळाली.

या मुभेचे मूळ 1973 च्या तेलटंचाईत आहे. अरब देशांनी तेल रोखले, अमेरिकेत पेट्रोल पंपांवर रांगा लागल्या आणि डिसेंबर 1975 मध्ये अध्यक्ष जेराल्ड फोर्ड यांनी ऊर्जा बचतीच्या कायद्यावर सही केली. त्या वेळी अमेरिकेतली नवी गाडी लिटरला सरासरी साडेपाच किलोमीटर धावत असे. कंपनीने वर्षभरात विकलेल्या सगळ्या मोटारींची सरासरी 1985 पर्यंत 27.5 मैल प्रति गॅलन, म्हणजे लिटरला 11.7 किलोमीटर व्हावी, असे उद्दिष्ट ठरले. ट्रकसाठी मात्र वेगळा, सैल निकष ठेवला गेला. तेव्हा पिकअप वापरत ते मुख्यतः शेतकरी, सुतार, प्लंबर. ओझे वाहणाऱ्या गाडीकडून मोटारीइतके अ‍ॅव्हरेज मागणे अन्यायाचे ठरले असते. हेतू रास्तच होता. 1996 ते 2004 या काळात हा ट्रकचा निकष 20.7 मैलांवर, म्हणजे लिटरला 8.8 किलोमीटरवर अडकून राहिला.

प्रश्न उरला, ट्रक कशाला म्हणायचे? नियमाने दोन मुख्य वाटा मोकळ्या ठेवल्या. एक सामानाची: मागच्या सीट काढून सपाट तळ मिळाला, की गाडी ट्रक ठरे. दुसरी खडतर रस्त्याची: गाडीला चारही चाकांना जोर देणारी यंत्रणा हवी किंवा भारासह वजन 6000 पौंडांच्या, म्हणजे सुमारे 2700 किलोंच्या वर हवे. शिवाय पाच मोजमापांपैकी चार जुळायला हवीत. त्यात पुढच्या बंपरखालचा चढाचा कोन किमान 28 अंश, मागचा 20 अंश, पोटाखालचे अंतर 20 सेंटिमीटर अशा अटी आहेत. गाडीत रोज कोण बसते, ती कुठे जाते, हे यात कुठेच विचारलेले नाही. शाळेत मुले सोडणारी मिनीव्हॅन पहिल्या वाटेने ट्रक झाली, शहरातली एसयूव्ही दुसऱ्या.

क्रायस्लरची 2001 ची पीटी क्रूझर हे पहिल्या वाटेचे ठळक उदाहरण. गाडी छोटी, पण मागच्या सीट निघत असल्याने तिची गणना ट्रकमध्ये झाली. कंपनीचा फायदा यात दुहेरी होता. ही हलकी गाडी ट्रकांच्या गटात शिरली की त्या गटाची सरासरी वर जाई आणि तितक्या जास्त तेलपिऊ गाड्या विकायला जागा होई. आयात करातही हाच घोळ. ट्रकवर 1964 पासून 25 टक्के आयात कर आहे, मोटारींवर अडीच टक्के होता. 1989 मध्ये सीमाशुल्क विभागाने आयात एसयूव्हींना ट्रकचा कर लावायचे ठरवले, तेव्हा अर्थखात्याने चार दरवाजांच्या एसयूव्हींना मोटारी मानून तो निर्णय फिरवला. म्हणजे बंदरात जी मोटार, तीच इंधनाच्या हिशेबात ट्रक.

याला निव्वळ कागदी चलाखी म्हणून सोडून देता येत नाही, कारण नियमातली रेघ पत्र्यात उतरते. गाडी उंच केली की पोटाखालून जास्त हवा खळबळत जाते, हवेला सामोरा जाणारा भाग वाढतो. हवेचा रोध वेगाच्या वर्गाच्या प्रमाणात वाढतो. ताशी 80 चा वेग 120 केला की तो सव्वादोन पट होतो. चारचाकी जोराची यंत्रणा वजन वाढवते, वजनाबरोबर टायरचे घर्षण वाढते आणि प्रत्येक सिग्नलला थांबून निघताना जास्त ऊर्जा लागते. इंधन वाचवण्यासाठी केलेला नियम अभियंत्याला इंधन जास्त जाळणारा आकार निवडायला लावतो, हे मला सर्वांत चीड आणणारे वाटते.

किती इंधन? 10,000 किलोमीटरसाठी 11.7 च्या अ‍ॅव्हरेजने 855 लिटर लागतात, 8.8 ने 1136. फरक 280 लिटरचा. एक लिटर पेट्रोलमधून सुमारे 2.3 किलो कार्बन डायऑक्साइड बाहेर पडतो, म्हणजे साडेसहाशे किलोंच्या आसपास जास्तीचा धूर. आपण किलोमीटर प्रति लिटर मोजतो, त्यामुळे डोळ्यांना फसवणारी आणखी एक गोष्ट घडते. 15 ची गाडी 25 वर नेली तर या अंतरात 267 लिटर वाचतात. पण 5 ची गाडी केवळ 7 वर नेली तरी 571 लिटर वाचतात. सगळ्यात मोठी बचत सगळ्यात खादाड गाड्यांमध्ये दडलेली असते आणि सवलत नेमकी त्यांनाच मिळाली.

1975 मध्ये अमेरिकेत दर पाच नव्या गाड्यांपैकी चार सेडान किंवा वॅगन होत्या. 2022 पर्यंत त्यांचा वाटा जेमतेम चौथ्या हिश्श्यावर आला. लोकांची आवड, स्वस्त पेट्रोल, जाहिराती ही कारणे आहेतच, पण नियमाने त्या प्रवाहाला उतार दिला. 2011 च्या मॉडेलपासून दोन चाकांना जोर असलेल्या छोट्या एसयूव्हींना मोटार ठरवून एक भोक बुजवले गेले. आता एकाच मॉडेलची एक आवृत्ती मोटार आणि चारही चाके ओढणारी दुसरी ट्रक, असेही होते. शिवाय निकष चाकांमधल्या क्षेत्रफळाला जोडला गेला. गाडी जितकी ऐसपैस, तितका निकष सैल. जुलै 2025 मध्ये तर हे निकष न पाळल्याचा दंडच शून्य डॉलर करण्यात आला.

आपल्याकडे रेघ उलट्या बाजूला होती. 2013 च्या अर्थसंकल्पात एसयूव्हीवरचे उत्पादन शुल्क 27 वरून 30 टक्के झाले. एसयूव्हीच्या व्याख्येत 170 मिलिमीटरच्या ग्राउंड क्लिअरन्सची अट होती. तेव्हा पुण्याजवळ चाकणला बनणाऱ्या महिंद्रा एक्सयूव्ही500 ची ही पोटाखालची उंची 160 मिलिमीटरवर आणली गेली. तिकडे मोटार वर, इकडे एसयूव्ही खाली, आणि दोन्हीकडे उंची ठरवणारा कर किंवा नियमच.

भारताच्या इंधन निकषात मोटार आणि एसयूव्ही असे दोन गट नाहीत, ही चांगली गोष्ट. पण तो वजनाला जोडलेला आहे. कंपनीच्या गाड्यांचे सरासरी वजन वाढले की तिला जास्त कार्बनची परवानगी मिळते. पुढच्या टप्प्याच्या सप्टेंबर 2025 च्या मसुद्यात 909 किलोंपर्यंतच्या छोट्या पेट्रोल गाड्यांसाठी वेगळी सवलत सुचवली होती. छोट्या गाडीला मदत व्हावी, हे मान्य. पण 909 किलोंची रेघ ओढली की 909 किलोंच्याच गाड्या बनतील. कुटुंब वाहणाऱ्या प्रत्येक गाडीला एकच प्रश्न विचारणारा नियम आपण मागायला हवा: 100 किलोमीटरला किती लिटर जाळतेस?