ज्येष्ठांना विचारायचं कशाला?

ज्येष्ठांसाठीचं धोरण ज्येष्ठांना विचारून ठरवावं, याला उघड विरोध कुणीच करत नाही. प्रत्यक्ष बैठक बोलवायची वेळ आली की मात्र काही समज हमखास आडवे येतात.

“मुलांना विचारलं की झालं, घरात तेच सगळं बघतात.”

हा समज सगळ्यांत खोल रुजलेला आहे. मुलं मनापासून करत असली, तरी त्यांची निकड आणि आईवडिलांची निकड एक नसते. आई बाहेर पडली तर धडपडेल, ही मुलाची काळजी. आईला देवळापर्यंत एकटीनं जायचं असतं. कधी हितसंबंधच आड येतात. आईवडील आणि ज्येष्ठ नागरिकांच्या निर्वाहाच्या 2007 सालच्या कायद्यात कलम 23 आहे ते त्यासाठीच: सांभाळण्याच्या अटीवर मालमत्ता नावावर करून दिली आणि पुढे सांभाळलं नाही, तर ते हस्तांतर न्यायाधिकरणाला रद्द ठरवता येतं.

जागतिक आरोग्य संघटनेनं 2007 मध्ये ज्येष्ठस्नेही शहरांची मार्गदर्शिका काढली, तेव्हा 33 शहरांतल्या ज्येष्ठांना गटागटानं बसवून बोलतं केलं होतं. दिल्ली आणि उदयपूर त्यात होती. सांभाळ करणाऱ्यांचं म्हणणं वेगळं ऐकलं गेलं. महाराष्ट्रात ऑगस्ट 2022 पासून पंच्याहत्तरीपुढच्यांना एसटीचा प्रवास मोफत आहे, 65 ते 75 वयाच्यांना अर्धं तिकीट. फार चांगला निर्णय. पण गुडघे दुखणाऱ्या आजीला विचारा; ती आधी गाडीच्या पायरीची उंची सांगेल, मग फाट्यावर सावली नाही हे, आणि मग गाडी जिथे थांबते तिथल्या स्वच्छतागृहाचं. हा तपशील मंत्रालयात बसून सुचत नाही.

“विस्मरण झालेल्यांना विचारून काय मिळणार?”

भारतात साठीपुढच्या लोकांमध्ये डिमेन्शियाचं प्रमाण सुमारे 7.4 टक्के असल्याचा अंदाज आहे. म्हणजे शंभरातल्या नव्वदांहून अधिक जणांना ही शंका लागूच होत नाही. ज्यांना होते, तेही गप्प बसलेले नाहीत. स्कॉटलंडमध्ये 2002 पासून डिमेन्शिया झालेल्यांचा स्वतःचा गट आहे आणि तो धोरणांबाबत आपलं म्हणणं जाहीरपणे मांडतो. त्यांना वेळ द्यावा लागतो, प्रश्न सोपे ठेवावे लागतात.

“समितीवर एक ज्येष्ठ घेतलेत ना!”

महाराष्ट्रात ज्येष्ठ नागरिक संघांचं काम जुनं आहे; त्यांचा महासंघ, फेस्कॉम, 1980 सालचा. या संघांनी मागण्या लावून धरल्या, हे मानायलाच हवं. तरी निवृत्त अधिकारी म्हणजे सगळे ज्येष्ठ नव्हेत. 2011 च्या जनगणनेत देशात 10 कोटी 38 लाख ज्येष्ठ होते. त्यांतले 71 टक्के खेड्यांत राहत होते, साक्षर होते ते 44 टक्के, आणि पुरुषांपेक्षा बायकांची संख्या जास्त होती. श्रावणबाळ योजनेच्या पैशांवर महिना काढणारी विधवा कुठल्या समितीवर दिसते? तिचं ऐकायचं तर सभा तिच्या गावात, उजेडी घ्यायला हवी, आणि लेखी सूचना मागवण्याऐवजी ती बोलेल ते लिहून घेणारं माणूस तिथे हवं.

“सल्ला देऊ देत, अधिकार कशाला?”

डेन्मार्कमध्ये 1997 पासून प्रत्येक नगरपालिकेत ज्येष्ठांची परिषद असणं कायद्यानं बंधनकारक आहे. साठीपुढचे रहिवासीच ती निवडून देतात, आणि ज्येष्ठांशी संबंधित प्रस्तावावर तिचं मत घ्यावंच लागतं. केरळनं 2025 मध्ये कायदा करून ज्येष्ठांसाठी आयोग नेमला. त्याचे अध्यक्ष आणि सदस्य ज्येष्ठच असावेत अशी तरतूद केली.

आपल्याकडे ग्रामसभेच्या आधी महिलांची सभा घेण्याची तरतूद कायद्यात आहेच. तशीच ज्येष्ठांची सभा घ्यावी आणि तिचे ठराव ग्रामसभेपुढे ठेवावेत. त्यासाठी गावाला वरच्या आदेशाची वाट पाहायची गरज नाही.