लाकडी फरशी : गैरसमज आणि वस्तुस्थिती

रायपुरात घर बांधणारा लाकडासाठी भनपुरीच्या टिंबर मार्केटात जातोच. तिथल्या आरा मिलमधल्या फळ्या पाहून लाकडी फरशीचा मोह होतो, आणि सोबत काही समजुतीही घरी येतात.

सगळ्यांत पक्की समजूत म्हणजे चांगलं सागवान हलत नाही. हलतं, इतर लाकडांपेक्षा कमी, एवढंच. लाकूड हवेतला ओलावा शोषतं, सोडतं आणि त्याबरोबर रुंदीत फुगतं, आकसतं. लांबीत जवळपास नाहीच. लाकडातला ओलावा ५ टक्क्यांनी वाढला तर १०० मिलिमीटर रुंदीची सागाची फळी सुमारे १ मिलिमीटर फुगते. अशा तीस फळ्या शेजारी शेजारी बसवल्या, की हिशेब ३ सेंटिमीटरवर जातो. रायपूरचा मे म्हणजे ४५ अंशांच्या घरातलं कोरडं ऊन, ऑगस्ट म्हणजे दमट हवा. मेमध्ये भिंतीला घट्ट भिडवलेली फरशी पावसाळ्यात मधून उचलते, आणि दोष मात्र लाकडाला मिळतो. म्हणून भिंतीलगत फट ठेवतात. लॅमिनेट किंवा इंजिनिअर्ड फळीला साधारण १० मिलिमीटर, रुंद खोलीत भरीव सागाला त्याहून जास्त. ती स्कर्टिंगखाली झाकली जाते. सुताराचा आळस समजून बुजवायला लावू नका.

‘वाड्यातली तक्तपोशी पिढ्यान्‌पिढ्या टिकली, मग आपली का नाही?’ असंही विचारतात. ती तुळयांवर होती, खालून वारा लागत होता. आपली फळी स्लॅबवर बसते आणि नवं काँक्रीट महिनोन्‌महिने ओल सोडत राहतं. ते वाळू द्यावं, वर पॉलिथिन अंथरावं, मगच फळी.

सागाला वाळवी लागत नाही, हे गाभ्यापुरतं खरं. फळीची पांढरट कड वाळवी आवडीने खाते.

आणि लॅमिनेट म्हणजे लाकडी फरशी नव्हे. दाबलेल्या लाकडी तंतूंच्या पाटीवर लाकडाचा छापील कागद, त्यावर पारदर्शक थर. ते वाईट नाही, स्वस्त आहे. पण घासून पुन्हा पॉलिश करता येत नाही आणि सांध्यात पाणी मुरलं की कडा फुगतात. इंजिनिअर्ड फळीवर खऱ्या लाकडाचा पातळ थर आणि खाली आडवे-उभे प्लाय असतात, त्यामुळे ती कमी हलते. आपल्या हवेला माझं मत तिलाच.

फळी कोणतीही घ्या, बसवण्याआधी किमान दोन दिवस त्याच खोलीत आडवी ठेवा. भरीव सागवान घेताना दुकानदाराला ओलावा मोजायचं मीटर लावायला सांगा. काटा १२ टक्क्यांच्या वर गेला तर तो माल घेऊ नका.